नाकतोडा, कृष्णा आणि मी

शुक्रवारी संध्याकाळी कुठल्याही ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न फिरत असतो. वीकेंडचं काय? उत्तरंही ठरलेली. मॉल, मल्टिप्लेक्स, लोणावळा, सीझन असेल तर कास पठार. यात एखादी मुलगी 'मी मासे धरायला चाललेय' म्हणाली की क्षणभर लिफ्ट बंद पडल्यासारखी शांतता पसरते. मग कुणीतरी विचारतं, 'गळ टाकून? बोअर नाही होत?' आणि आमिष काय लावतेस, या प्रश्नावर 'नाकतोडा' असं उत्तर आलं, की विषय संपलाच म्हणून समजा!

पण थांबा. हा नाकतोडा खरा नाही. तो मी स्वतः बनवलेला आहे. जुन्या स्लिपरच्या फोमचं अंग, कोंबडीच्या पिसाचे पंख, रबरबँडला गाठ मारून केलेले मागचे लांब पाय आणि या सगळ्याच्या पोटात लपलेला एक छोटासा गळ. या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. ब्रॅड पिटचा 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' (१९९२) पाहिला असेल तर लगेच लक्षात येईल. मोंटानातली नदी, सोनेरी ऊन आणि हवेत साप खेळावा तशी खेळणारी ती लांबलचक दोरी... रॉबर्ट रेडफर्डच्या त्या सिनेमानं जगभरच्या अनेक नोकरदारांना कंबरभर पाण्यात उभं केलं म्हणतात.

मला उभं केलं ते एका ट्रॅव्हल स्टोरीनं. हिमाचलमधली तीर्थन नदी, सप्टेंबरचा शेवट, मत्स्य विभागाचं परमिट खिशात आणि शेजारी एक अतिशय कमी बोलणारे स्थानिक काका. त्यांनी आधी एक गोष्ट समजावली. नेहमीच्या गळाला वजन असतं, ते वजन दोरीला ओढत नेतं. इथे उलटं. खोटी माशी पिसासारखी हलकी असते. म्हणून दोरीच जड घ्यायची आणि काठीच्या झोक्यानं ती दोरी हवेत उलगडायची. माशी तिच्या मागून गुमान जाते. 'ताकद नको, वेळ साधा,' एवढंच ते दिवसभरात चार वेळा म्हणाले.

आणि मग त्यांनी डबीतून नाकतोडा काढला. बाकीच्या माश्या पाण्यावर अलगद, श्वासही न लागता टेकवायच्या असतात. नाकतोड्याचं तसं नाही. तो बिचारा पाण्यातला प्राणीच नव्हे! गवतावरून उडी चुकते, वारा ढकलतो आणि तो 'टप्प' करून काठाशी पडतो. मग जीव खाऊन पाय झाडतो. ट्राउटला हे सगळं पाठ असतं. उन्हाळा उतरणीला लागला, काठावरचं गवत वाळायला लागलं की ती काठाच्या सावलीत दबा धरून बसते. एवढा मोठा घास, तोही फुकट, कोण सोडेल? म्हणून खोटा नाकतोडा काठापासून हातभर अंतरावर, जरा आवाज करतच टाकायचा. दोन सेकंद थांबायचं. एक हलकासा हिसका. पाय हलले पाहिजेत. बस्स. अमेरिकेत या एका किड्यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत. डेव्ह व्हिटलॉक यांचा 'डेव्हज हॉपर' तर या जगात सेलिब्रिटी आहे. हरणाच्या केसांचं डोकं, टर्कीच्या पिसाचे पंख, थाट नुसता!

पुण्याला परत येताना डोक्यात एकच विचार. नाकतोडे काय, आमच्याकडेही ढिगानं आहेत. ट्राउट मात्र नाही. का नाही? कारण ती मूळची इथली नाहीच. इंग्रजांना करमेना म्हणून १९०० च्या आसपास त्यांनी ती काश्मीरमध्ये आणली, पुढे निलगिरीत आणि हिमाचलातही रुजवली. तिला बारमाही थंडगार पाणी लागतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तिचे हाल सुरू होतात. आमची कृष्णा महाबळेश्वरला १,३०० मीटरहून जास्त उंचीवर उगम पावते खरी, पण धोम, वाई, माहुली, कऱ्हाड करत सांगलीच्या सपाटीवर येईपर्यंत उन्हाळ्यात ती चांगलीच तापते. थोडक्यात, साताऱ्यात ट्राउट शोधणं म्हणजे सांगलीत बर्फ शोधणं.

पण गळ आणि काठी? ती काही इंग्रजांनी शिकवली नाही हां! कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात 'मत्स्यविनोद' असं वेगळं प्रकरण आहे. मासे कुठले, कुणाला काय खाऊ घालावं, काठी कशी असावी, दोरी कशाची वळावी, सगळं व्यवस्थित सांगितलंय. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचं गळाच्या मासेमारीवरचं गाजलेलं पुस्तक आलं १६५३ मध्ये. म्हणजे आपला राजा पाचशे वर्षं पुढे! आणि कृष्णाकाठ त्याच चालुक्यांच्या राज्यातला. तेव्हा ऑफिसात कुणी 'हे काय फॉरेनचं फॅड' म्हणालं, तर हे तोंडावर फेकायला हरकत नाही.

आमचं गाव भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यातलं. घराच्या मागे ऊस, उसाच्या मागे नदी. नदीवर मामा. सख्खे नव्हेत, पण आमच्या आळीत सगळ्यांचेच मामा. घराणं भोयांचं, पिढ्यान्‌पिढ्या जाळं आणि होडी. मी काठीचे चार तुकडे जोडून नऊ फुटी रॉड उभा केला तेव्हा ते घाटाच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते. डबीतला खोटा नाकतोडा त्यांनी तळहातावर घेतला, उलटापालटा केला.

'पाय झ्याक केल्याती. पर खरं सोडून खोटं कशाला?'

मग त्यांनीच सांगितलं. लहानपणी ते नाकतोड्यावरच मासे धरायचे. पहाटे दव असताना बांधावर जायचं, कारण गारठ्यात नाकतोडा आखडलेला असतो, उडत नाही. नुसता वेचायचा. ऊन चढलं की हाताला लागत नाही. बांबूची काठी, तंगूस, तरंगायला ज्वारीच्या ताटाचा तुकडा. मला हिमाचलात दोन दिवसांत कळलेलं सगळं त्यांना दहाव्या वर्षी येत होतं. गणेशोत्सव ते दिवाळी हा सीझनही त्यांनीच सांगितला. पुस्तकही तेच म्हणतं. नाकतोड्याची मादी बांधाच्या मातीत अंडी घालते, पावसाला सुरुवात झाली की पिल्लं बाहेर येतात, आणि भाद्रपद-आश्विनात ती पुरती वाढून उड्या मारायला लागतात.

दोन गोष्टी मात्र तीर्थनसारख्या इथे चालत नाहीत. एक, पाठीमागे ऊस. दोरी मागे फेकली की गळ पाचटात अडकलाच. म्हणून दोरी मागे न नेता पाण्यावरूनच गुंडाळी करत पुढे लोटायची, तिला रोल कास्ट म्हणतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाण्यात उतरायचं नाही. अजिबात नाही! या पट्ट्यात मगरी आहेत, आणि त्या सिनेमातल्या नव्हेत. थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या मी स्वतः पाहिल्यात. घाटाची वरची पायरी, मामांची सोबत आणि अंधाराच्या आत घरी. ब्रॅड पिटची पोझ इथे विसरा.

खरा वाद पुढेच होता. मी गळाचा काटा पकडीनं चेपून ठेवते, म्हणजे मासा कमी इजा होऊन सुटतो. हात ओले करायचे, मासा पाण्याबाहेर फार वेळ धरायचा नाही, सोडून द्यायचा. मामांना हे काही केल्या पटेना.

'आगं पोरी, सोडायचा हाय तर धरायचा कशापायी? त्याचा बी जीव जातोय, आन तुजा बी येळ.'

मला उत्तर सुचलं नाही. कारण प्रश्न बरोबर होता. माझा तो शनिवार-रविवार असतो, त्यांचं ते पोट. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा त्यांची होडी आणि जाळी दोन्ही गेली. २०२१ ला पुन्हा तेच. तरी पुराचा त्यांना राग नाही. 'पूर येतोय, जातोय. नवी मासळी घिऊन येतोय.' त्यांना बोलतं न करता गप्प करणारी गोष्ट वेगळीच आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. सगळ्यांनी बातम्यांत पाहिला. घाण पाणी नदीत आलं की ती घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात, आणि मासे गुदमरतात. आम्हा पत्रकारांसाठी ती दोन दिवसांची बातमी होती. मामा म्हणाले, 'तवापास्नं जाळं टाकाया हात जात न्हाई.'

त्या दिवाळीपासून आमच्यात एक करार झाला. गळाला चिलापी लागली तर ती मामांच्या तव्यावर. ती आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि इथल्या माशांच्या मुळावर उठली. तिला सोडण्यात कसलंच पुण्य नाही. इथला मासा मात्र परत पाण्यात. मामा तेव्हा 'बगू' एवढंच म्हणाले होते.

चिलापी पुष्कळ मिळाल्या. नाकतोड्यावर ती अशी काही तुटून पडते की विचारू नका. पण गेल्या ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी काठालगतच्या गवताखाली पाणी नुसतं फुगलं, आणि दोरी सरळ धारेला लागली. आवाज नाही, उडी नाही, नुसती ओढ. पाच मिनिटांनी पायरीशी आला तो जेमतेम वीतभर मासा. मोठमोठे खवले, त्यांच्यावर पितळी झाक, निळसर पर, जाड ओठ.

मामा उठून उभे राहिले. महासीर! कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ज्याला 'खुद्री' हे शास्त्रीय नाव दिलं, तोच हा दख्खनचा महासीर. एकेकाळी या खोऱ्यात सगळीकडे होता. धरणांनी त्याच्या वाटा अडवल्या, सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांनी उरलेसुरले डोह रिकामे केले. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून ठिकठिकाणी सोडतात, म्हणून तो तगला. आमच्या घाटावर मामांनी तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मी गळ काढला. मासा मामांनी माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, आता पिशवीत जाणार, आणि मी काही बोलणार नव्हते. मामा खालच्या पायरीवर उकिडवे बसले, दोन्ही हातांत मासा पाण्याखाली धरला, तोंड प्रवाहाकडे करून. त्याच्या कल्ल्यांची उघडझाप नीट होईपर्यंत ते तसेच बसून राहिले. मगरीचा धाक मला एवढ्या वर्षांत ज्यांनी घातला, तेच! मग हात सैल केले. तो गेला.

'ल्हान हाय अजून,' एवढंच म्हणाले आणि तंबाखूची पिशवी चाचपायला लागले.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. पण एक कळलंय. पुलावरून पाहिलं की पाणी नुसतं पाणी दिसतं. काठावर नाकतोडा टाकला आणि खालून कुणी वर आलं, तर कळतं की नदी अजून आहे. आणि नाकतोडा असायला बांधावर गवत लागतं. मामा म्हणतात, तणनाशकाचा पंप फिरायला लागल्यापासून बांध मुके झालेत. आमच्या बांधावर यंदापासून फवारणी बंद. बाबांना पटवायला मला अख्खा मे महिना लागला.

तुम्हाला करून पाहायचंय? अवश्य! सुरुवातीला महागडा रॉड नको, साधी काठीही चालते. धरणाच्या पाण्यावर मच्छीमार सोसायटीचा ठेका असतो, आधी त्यांना विचारा. कोयना-चांदोली हा २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे गळ न्यायचा नाही. आणि काठावरच्या माणसाशी आधी गप्पा मारा, दोरी नंतर टाका.

परवा एका मीटिंगमध्ये असताना मामांच्या नातवाच्या फोनवरून व्हॉइस मेसेज आला. मागे पाण्याचा आवाज.

'पोरी, बांधावर नाकतोडं सुटल्याती. कवा येतीस? आन येताना जुनी स्लिपर आन. हिरवी घावली तर बग.'