काजू वेचून भागत नाही

सुकामेव्याची अॅलर्जी म्हणजे परदेशात वाढलेल्या मुलांचं नाजूकपण, असं माझं ठाम मत होतं. आमच्या विश्रामबाग परिसरात काजू-बेदाणे घातलेला शिरा खाऊनच पिढ्या वाढल्या. आकडेही माझ्याच बाजूचे वाटायचे. युरोप्रिव्हॉल या अन्न-अॅलर्जीवरच्या संशोधन प्रकल्पाच्या पाहणीत भारतातल्या शाळकरी मुलांत अन्नाची संभाव्य अॅलर्जी अवघी ०.१४ टक्के आढळली, हाँगकाँगमध्ये दीड टक्का. निव्वळ सुकामेव्याची म्हणाल, तर प्रत्यक्ष खाऊ घालून तपासलेल्यांत जगभर ती दोन टक्क्यांच्या आतच निघते. युरोपात हेझलनट पुढे, अमेरिकेत अक्रोड नि काजू.

पुतणी लेकीला घेऊन दिवाळीला अमेरिकेहून आली. पोरीला काजूची अॅलर्जी, म्हणून मी शिऱ्यातले काजू वेचून काढले आणि वाटी नातीपुढे सरकवली. पुतणीनं ती उचलली. "काकू, काजू ज्या तुपात तळले, तेच तूप शिऱ्यात आहे ना? तिला तेवढंही पुरतं." काजू-पिस्ता एका कुळातले, म्हणून पोरीला दोन्ही वर्ज्य, शेंगदाणा मात्र कडधान्याच्या घरातला, तो तिला चालतो. घरचं भडंग तिनं मजेत खाल्लं.

मग मला बिब्बा आठवला. तोही काजूच्याच कुळातला. बिब्बा उततो तो कातडीवर, काजूच्या अॅलर्जीत श्वासच अडकू शकतो. दोन्हींची तऱ्हा वेगळी. पण बिब्बा उतलेल्या माणसाला आपण कधी नाजूक म्हटलं नाही. एकाला सोसतं ते दुसऱ्याला सोसत नाही, हे आपल्या घरांना ठाऊकच होतं.

आज माझं मत असं, की आपल्याकडे ही अॅलर्जी कमी आहे, म्हणूनच जपायला हवं. जिथं ती सर्रास दिसते तिथं वाढण्याआधी विचारतात. आपण आग्रह करतो. पाकिटावर शेंगदाणे-सुकामेव्याचा उल्लेख कायद्यानं सक्तीचा आहे, पण पंगतीतल्या ताटाला लेबल नसतं आणि हॉटेलच्या पांढऱ्या ग्रेव्हीत वाटलेला काजू डोळ्यांना दिसत नाही.

तेव्हा वाढण्याआधी विचारा. कुणी नको म्हटलं तर "एवढ्यानं काय होतंय" म्हणू नका. आणि खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा. अशा वेळी पहिलं औषध अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं.