बसला!

बुधवारी पांढरे कपडे घालून यायचं, एवढाच नियम. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूल आणि प्रेस्टनच्या मधे, लिटल प्लम्प्टन गावाजवळ, प्रेस्टन न्यू रोडच्या कडेला बायका निषेधाला उभ्या राहत. मी पांढरा कुर्ता घालून निघाले, तर आई फोनवर म्हणाली, "सवाष्णी पांढरं घालत्यात व्हय?"

समोर फाटक, त्यामागे ड्रिलिंगचा मनोरा. दोन किलोमीटरहून खोल असलेल्या शेल खडकात पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं घुसवायची, खडकाला भेगा पाडायच्या आणि वायू वर आणायचा, म्हणजेच फ्रॅकिंग. 2015 मध्ये काउंटी कौन्सिलनं याला नकार दिला होता. 2016 मध्ये लंडनच्या मंत्र्यानं तो फिरवला. तिथल्या म्हाताऱ्यांचा राग वायूपेक्षा यावरच जास्त होता, असं मला वाटतं. डोक्याला पिवळे रुमाल, अंगात पिवळे एप्रन. त्यांना सगळे 'नॅना' म्हणत, म्हणजे आजी. माझ्या कानाला ते 'नाना' ऐकू येई आणि धोतरातले थोरले काका आठवत.

काहीजण नळीत हात अडकवून रस्त्यावर आडवे होत. मी व्हिसावरची बाई, माझी तेवढी छाती नव्हती. कडेला उभी राहून मी चहा ओतत असे.

ऑक्टोबर 2018 मध्ये फ्रॅकिंग सुरू झालं. 0.5 रिश्टर किंवा त्याहून मोठा भूकंपाचा धक्का नोंदला गेला की काम 18 तास थांबवायचं, असा नियम होता. मला हसू आवरेना. मी कोयना धरणाजवळच्या कोयनानगरची. 1967 चा भूकंप घरातल्यांच्या तोंडून ऐकत वाढलेली. आमच्याकडे तीनचा हादरा बसला तर भांडी वाजतात, आई "बसला गं" म्हणते आणि कूस बदलते. हे मी एका नॅनाला ऐटीत सांगितलं.

तिनं विचारलं, "धरणाच्या आधीही असंच व्हायचं?"

आजोबांना तसं काही आठवत नसे, हे सांगावं लागलं.

"आणि धरण बांधताना तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

मी थर्मासचं झाकण लावत बसले.

26 ऑगस्ट 2019, सुट्टीचा सोमवार. सकाळी साडेआठला लिथममधल्या आमच्या घराचा पलंग सरकल्यासारखा झाला, कपाटातल्या वाट्या वाजल्या. तोंडून आपसूक निघालं, "बसला!" कूस मात्र बदलता आली नाही. शेजारी गाऊनवरच रस्त्यावर आले होते. कुणाला वाटलं, भिंतीवर गाडी आदळली. 2.9 चा धक्का होता. (दोनेक महिन्यांनी सरकारनं इंग्लंडभर फ्रॅकिंग थांबवलं.)

घरी फोन लावला. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्या गावचाच.

"किती रिश्टर?"

"दोन पॉइंट नऊ."

"मग काय नाय," म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पर तिकडं कुठलं धरण गं?"