पाणी निवळलं, गाळ राहिला

पेनसिल्व्हेनियात गॅसविहिरींचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एका कंपनीत मी केमिस्ट होतो. तिथल्या मार्सेलस शेल या खडकात दीड-दोन किलोमीटर खोल ड्रिलिंग केलं की गॅसबरोबर समुद्रापेक्षा कितीतरी खारट पाणी वर येतं, आणि त्यात खडकातलं रेडियम विरघळलेलं असतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या २०११ च्या अहवालात या पाण्याच्या निम्म्या नमुन्यांत लिटरमागे २,४६० पिकोक्युरींहून जास्त रेडियम होतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे ५.

उपाय मात्र कॉलेजातला. या पाण्यात बेरियम मुबलक असतंच. सोडियम सल्फेट टाकलं की बेरियम सल्फेटचा पांढरा साका धरतो, आणि रेडियम बेरियमच्याच गटातलं असल्याने त्याच स्फटिकांत जाऊन बसतं. मुंबईत बी.एस्सी.ला परीक्षानळीत पाहिलेला तो साका इथे टाकीभर होताना बघून मला कोण आनंद व्हायचा! वरच्या पाण्यात रेडियम नावाला उरलेलं. मी अहवालात लिहून मोकळा झालो, ‘रेडियम काढले.’

ते गेलं होतं साका दाबून पिळणाऱ्या फिल्टर प्रेसमधून धपाधप पडणाऱ्या करड्या वड्यांत. त्यांवर मी त्याच दिवशी रेडिएशन मीटर फिरवला. आकडा फारसा हलला नाही, म्हणून साधा कचरा समजून गाळ लोखंडी डब्यात भरायला सांगितला. डबा आवारात काही आठवडे पडून होता. फोर्कलिफ्टवाला त्याच्याच सावलीला बसून जेवायचा. शेवटी ट्रक कचराभूमीच्या फाटकावर गेला, तेव्हा रेडिएशनचा भोंगा वाजला आणि ट्रक परत आला.

कारण पाठ्यपुस्तकी. रेडियम-२२६ स्वतः गॅमा किरण कमीच टाकतं. मीटरला जाणवतात ते मुख्यतः त्याच्या पुढच्या पिढीतल्या शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ चे. ही पिढी रेडॉन वायूतून येते, आणि रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस असल्याने ती पूर्ण भरायला तीनेक आठवडे लागतात. म्हणूनच नमुना हवाबंद ठेवून २१ दिवसांनी मोजतात. मला हे ठाऊक होतं. पण घाई होती, आणि खरं सांगायचं तर गाळाबद्दल कुणी विचारतच नव्हतं. फोर्कलिफ्टवाल्याला मिळालेला डोस हिशेबात किरकोळ निघाला. तरी तो हिशेब मी आधी करायला हवा होता.

इशारे नव्हते असं नाही. ब्लॅकलिक क्रीक या ओढ्यावरच्या अशाच प्रक्रिया केंद्राबद्दल ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्येच लिहिलं होतं. तिथे नव्वद टक्क्यांहून जास्त रेडियम काढूनही, पाणी सोडायच्या जागी ओढ्याच्या तळातल्या गाळात ते वरच्या प्रवाहाच्या सुमारे २०० पट साठलं होतं. तो निबंध वाचून ‘आपलं तसं नाही’ म्हणत मी बाजूला ठेवला होता.

आता कुणी शुद्धीकरणाची टक्केवारी दाखवली की मी आधी गाळाचा पत्ता विचारतो. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १,६०० वर्षं आहे. कचराभूमी बंद झाल्यावर तिच्यावर लक्ष ठेवायची अमेरिकेच्या केंद्रीय नियमांतली मुदत आहे ३० वर्षं.