इतकं कोणाला लागतंय?

तर झालं असं. मागच्या शनिवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला. "अरे, नकाशावर एकही गाडी हलत नाहीये!" माल पोचवणाऱ्या गाड्या कुठे आहेत याची नोंद आमचं सॉफ्टवेअर ठेवतं. डोळे चोळत लॉग उघडला, तर एकच ओळ हजारो वेळा: डुप्लिकेट एंट्री २१४७४८३६४७.

आकडा बघूनच पोटात गोळा आला. २ चा ३१ वा घात वजा १. बत्तीस बिटांपैकी एक अधिक-उण्याच्या चिन्हात जातं, उरलेल्या ३१ मध्ये मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. आयडीचा कॉलम साधा 'इंट' होता, तो भरला. चार वर्षांपूर्वी तो 'इंट' ठेवणारा महाभाग कोण? अस्मादिक! रिव्ह्यूमध्ये सीनियरने विचारलंही होतं, "बिगइंट का नाही?" मी म्हणालो होतो, "इतकं कोणाला लागतंय?"

दुपारपर्यंत कॉलम बदलला. तोवर ऑपरेशन्सची पोरं ड्रायव्हरांना एकेक फोन करून गाड्या शोधत होती. माझ्या एका वाक्यापायी.

रात्री झोप येईना, म्हणून या आकड्याच्याच मागे लागलो. ही मूळ संख्या आहे. १७७२ मध्ये, जवळजवळ आंधळ्या झालेल्या ऑयलरने ते सिद्ध केलं. खरं तर ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावं लागलं असतं. पण त्याने आधी दाखवलं, की हिचा कुठलाही मूळ विभाजक २४८ ने भागला तर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. मग तेवढेच तपासले. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही!

हिला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे ६ = १ + २ + ३ सारखी, स्वतःच्या विभाजकांच्या बेरजेइतकी. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून टाकलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडायची नाही, कारण उपयोग नसताना शोधायला जाईल कोण? १८७६ मध्ये ल्युकासने २ चा १२७ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं, आणि बार्लोची परिपूर्ण संख्या मागे पडली.

म्हणजे बार्लोसाहेब आणि मी, दोघं एकाच आकड्यापाशी एकच वाक्य बोललो :-) ऑयलरने तिथेच हिशोब केला होता.

म्हणून या वेळी मीही केला. नव्या कॉलमची मर्यादा २ चा ६३ वा घात वजा १. (ती मूळ नाही, ७ ने भाग जातो.) आहे त्या वेगाने भरायला साधारण १,७०० कोटी वर्षं लागतील. चार ओळींचं गणित, चार वर्षांपूर्वीही तेवढंच होतं.

सोमवारी रिपोर्टमध्ये 'मूळ कारण' या रकान्यात माझं ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. सीनियर वाचून नुसता हसला.

असो. सेकंद मोजणारी ३२ बिटांची घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळच्या ८:४४:०७ वाजता याच आकड्यावर पोचतील. तुमचे कॉलम एकदा बघून घ्या, मंडळी.