पऱ्हाटीचे कागद

शेतात उभी असते तोवर पऱ्हाटी एकच असते. कस्टमच्या टॅरिफमध्ये शिरली की तिची वाटणी होते. रुईच्या गाठी 5201 मध्ये, कापसाचं वेस्ट 5202 मध्ये, पिंजून-विंचरून घेतलेली रुई 5203 मध्ये. सरकी तेलबियांच्या रांगेत, 1207 खाली. तिचं तेल 1512 ला, तेल काढून उरलेली ढेप 2306 ला. आणि सरकीला चिकटून राहिलेली आखूड लव, म्हणजे लिंटर, ती थेट 1404 मध्ये, वेत-बांबूच्या प्रकरणात. हे कोडाचे पहिले चारच अंक; पूर्ण कोडातले पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे आपापल्या देशाचे. त्यामुळे आमच्या गाठीला चितगावच्या बंदरातही त्याच सहा आकड्यांनी ओळखतात. माझ्याकडे निर्यातीच्या कागदांचं काम शिकायला येणारी मुलं हे आकडे पाठ करायला बसतात. मी त्यांना आधी जिनिंगमध्ये पाठवते. लिंटर हातात न घेता त्याचा कोड लिहिणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

माझे वडील वणीच्या एका जिनिंगमध्ये रुई पारखायचे. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची, तंतू सरळ करत न्यायचे आणि लांबी सांगायची. मी कामाला लागले नागपूरच्या एका क्लिअरिंग एजंटकडे. तिथं रुई कोणी ओढून बघत नसे. तिथं टेबलावर इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि बी.एल. (बिल ऑफ लेडिंग) यांची वजनं एकमेकांशी जुळतात का, एवढंच बघायचं. खरेदीदार खंडीच्या भावानं बोललेला असतो, म्हणजे 356 किलो. गाठ 170 किलोची. करार मात्र बहुतेक वेळा पौंडाला सेंटमध्ये. या तिन्ही मापांतून एकच रक्कम निघाली पाहिजे. रुई कितीही सुरेख असली तरी कागदावर ती बेरीज चुकली तर पैसे अडकतात. वडिलांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. मला पटलं, पण त्यांच्या बोटांशिवाय हे काम अपुरंच, हेही लवकर कळलं. करारात मायक्रोनेअर, तंतूची लांबी, कचऱ्याचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते आकडे आपल्या भागातल्या कापसाला कोणत्या महिन्यात झेपतील, हे टेबलावर बसून समजत नाही. पहिल्या वेच्याची रुई आणि फरदडीची रुई एका कराराखाली पाठवायला निघालेले शेठ मी पाहिले आहेत.

करार मी शेवटून वाचते. भाव आणि माल कोणीही वाचतो, त्यात भांडण नसतं. वाद झाला तर कुठं, कोणत्या नियमांनी, हे कलम सगळ्यात खाली बारीक अक्षरात असतं. कापसात तिथं बहुधा एकच नाव येतं : इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन, लिव्हरपूल. संस्थेचं मूळ 1841 सालच्या दलालांच्या संघटनेत आहे. त्याच लिव्हरपूलच्या बाजारात एकेकाळी वऱ्हाडचा कापूस ‘ऊमरा’ या नावानं विकला जाई. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत अडीच फुटी रुळांवर शकुंतला रेल्वे धावली ती त्याच कापसासाठी. रेल्वे थांबली, साम्राज्य गेलं, पण कापसाचा पंच अजून लिव्हरपूललाच बसतो आणि इंग्लंडचा कायदा लावतो. यात मला राग येण्यासारखं काही वाटत नाही. नियम जुने आहेत, घासून तयार झालेले आहेत. फक्त ते आपल्या सवयीचे नाहीत.

आपली सवय अशी, की सौदा जमला नाही तर ‘कॅन्सल करून टाकू’ म्हणायचं. लिव्हरपूलच्या नियमात करार असा कॅन्सल होत नाही. माल गेला नाही किंवा उचलला नाही, तर बाजारभाव आणि कराराचा भाव यांतला फरक काढून हिशेब पुरा करायचा. म्हणजे गाठी जागच्या हलल्या नाहीत तरी पैशाचं देणं उभं राहतं. निवाडा मिळाल्यावर पैसे भरले नाहीत तर फर्मचं नाव यादीत लागतं आणि संस्थेचे सदस्य तिच्याशी व्यवहार करत नाहीत. शिवाय 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे असा परदेशी निवाडा आपल्या कोर्टातूनही वसूल करता येतो.

हे सगळं पुस्तकी वाटत होतं ते 2011 पर्यंत. त्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या वायद्यात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला, आणि वर्ष संपता संपता एका डॉलरच्या खाली आला. चढ्या भावात सौदे केलेल्या गिरण्यांना गाठी नकोशा झाल्या. देशोदेशी करार मोडले. मग 5 मार्च 2012 ला आपल्याच सरकारनं एका अधिसूचनेनं कापसाची निर्यात बंद केली. आठवड्याभरात आधी नोंदलेल्या सौद्यांना वाट मिळाली, पण मधल्या दिवसांत आमच्या टेबलावरचे फोन थांबत नव्हते. 2010 च्या एप्रिलमध्येही निर्यात अशीच रोखली होती, तरी कित्येकांच्या करारात सरकारी बंदीचं कलम नव्हतं. सरकारनं बंदी घातली, यात आपला काय दोष, असं जो तो विचारी. दोष कोणाचा हा प्रश्नच नसतो. बंदीचा धोका कोणी उचलायचा, हे आधी लिहिलं होतं का, हा प्रश्न असतो.

ते लिहिण्याची किंमत काय, हे शेंगदाण्याच्या एका खटल्यातून दिसतं. नाफेडनं 1980 साली स्वित्झर्लंडच्या अलिमेंटा कंपनीला 5000 टन शेंगदाणा देण्याचा करार केला. 1900 टन गेला. उरलेला पुढच्या हंगामात पाठवायला सरकारनं परवानगी नाकारली. लंडनच्या लवादानं नाफेडविरुद्ध निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयानं 22 एप्रिल 2020 ला तो निवाडा भारतात लागू करायला नकार दिला. करारातच निर्यातबंदीचं कलम होतं, ते नाफेडच्या कामी आलं. कायद्याच्या पंडितांनी या निकालावर टीका केली आणि ती रास्तही आहे. माझ्या कामापुरतं मी एवढंच घेते : कलम होतं, तरी सुटायला चाळीस वर्षं लागली.

कस्टमची अधिसूचना आता चहाच्या टपरीवर वाचली जाते. 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, आणि पांढरकवड्याच्या बाजारात त्याच्या खाली बोली लागली की शेतकरी शुल्काचा विषय काढायचे. आयात करणाऱ्यांची भाषा वेगळी होती. शुल्काचा दर बिल ऑफ एंट्री भरल्याच्या किंवा जहाज आत घेतल्याच्या, जी तारीख नंतरची असेल, त्या दिवशीचा लागतो. त्यामुळे डिसेंबरअखेर जहाज दोन दिवस रेंगाळलं तर काय, याचे हिशेब गिरण्यांमध्ये चालले होते. एकाच कागदाची ही दोन वाचनं. माझी भाकरी दुसऱ्यावर चालते, पण नातेवाईक सगळे पहिल्या बाजूला.

सध्या मुलं एफओबी, सीआयएफ असे शब्द सहज फेकतात. माल कुठं सोपवला की जोखीम कोणाची, हे ठरवणारे 1936 पासूनचे हे नियम, आता 2020 ची आवृत्ती चालते. कंटेनर नागपूरच्या डेपोतच सोपवायचा असेल तर एफसीए योग्य, एफओबी नव्हे; एफओबीत डेपोपासून जहाजापर्यंतची जोखीम उगाच आपल्या अंगावर राहते. सांगून थकले. सगळे एफओबीच लिहितात.

खरेदीदाराच्या बँकेकडून एल.सी., म्हणजे पतपत्र, आली की मी मुलांना रकमेकडे बघू देत नाही. आधी 31डी हा रकाना. तिथं मुदतीच्या तारखेपुढे गावाचं नाव असतं. नागपूर असेल तर त्या दिवशी कागद इथल्या बँकेत टाकले की झालं. ढाका असेल तर त्या तारखेला कागद ढाक्यात पोचलेले हवेत, म्हणजे कुरिअरचे दिवस आणि मधली ईदची सुट्टी आपल्याच खात्यातून जाते. अशा वेळी खरेदीदाराला दुरुस्ती मागायची, आणि ती हातात येईपर्यंत गाडी भरायला घ्यायची नाही, शेठ कितीही घाई करोत.