गजगामिनीची हाडे

संस्कृत काव्याने, आणि त्याच्या वळणाने गेलेल्या आपल्या पंडिती काव्यानेही, स्त्रीची चाल सुंदर मानली ती मंद असली तरच. गजगामिनी, हंसगामिनी, मंदगामिनी ही विशेषणे आपण वर्गात निर्धास्तपणे शिकवतो. दाणदाण पाय टाकत चालणारी मुलगी मात्र घरोघरी बोलणी खात आली.

हा सौंदर्यविचार हाडांना मानवत नाही. हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःची घडण बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. हाडात मोडणे आणि बांधणे अखंड चालू असते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले की मोडण्याचा वेग बांधण्याच्या पुढे जातो. पाऊल जमिनीवर पडताना बसणारा दाब हाडाला बांधणीची सूचना देतो, आणि झपाझप चालण्यात हा दाब अधिक असतो. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात ६१,२०० रजोनिवृत्त स्त्रियांची माहिती २००२ साली प्रसिद्ध झाली. अन्य व्यायाम न करणाऱ्यांपैकी ज्या आठवड्याला किमान ४ तास चालत, त्यांच्यात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका तासाभराहून कमी चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळला. मुळात धडधाकट असलेल्याच अधिक चालत असतील, ही शंका येथे रास्त आहे. शिवाय चालण्याने हाडांची घनता फारशी वाढत नाही. स्नायू आणि तोल सांभाळले जातात, हा लाभ मोठा.

माझ्या आईचे मनगट पंचाहत्तरीत मोडले. तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली निघाला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. प्लास्टर निघाले, पण तिची चाल परतली नाही. एके काळी मंडईतून दोन पिशव्या घेऊन ती पुढे निघे आणि वडील मागून ‘अगं, थांब’ म्हणत. आता ती फरशीकडे बघत, पाऊल घासत चालू लागली. फिजिओथेरपिस्टबाईंनी ४ मीटरची रेघ आखून वेळ मोजली: साडेसहा सेकंद. सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून मंद चाल ही वार्धक्यातील क्षीणतेची खूण मानली जाते. त्या हिशेबाने ५ सेकंदांहून कमी वेळ लागायला हवा होता.

त्या बाईंनी आम्हांला विचारले, ‘घरात त्यांना दिवसातून किती वेळा सावकाश म्हणता?’ उत्तर कोणाजवळच नव्हते, कारण तो शब्द आमच्या मायेची सवय झाला होता. भीतीने पाऊल आखूड होते, आखूड पावलाने स्नायू दुबळे होतात, आणि दुबळ्या स्नायूंनी पडण्याचा संभव वाढतो. ‘सावकाश’, ‘जपून’ हे शब्द त्या भीतीला रोज खतपाणी घालतात. जे काम तरुणपणी अलंकारांनी केले, तेच म्हातारपणी काळजी करते.

याच भाषेच्या प्रदेशात आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर अंतर डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या वृद्धा आहेत. त्यांच्या चालीसाठी मात्र एखादे विशेषण मला आठवत नाही. झपाझप चालणाऱ्या म्हातारीबद्दल आपण म्हणतो ते ‘या वयातही’, आणि त्यात कौतुकापेक्षा आश्चर्य जास्त असते.

आता आधी पायांच्या ताकदीचे व्यायाम, मागे पट्टा असलेली चप्पल, मग सपाट रस्त्यावर थोडे भरभर चालणे, असा क्रम आहे. परवा ४ मीटरला साडेपाच सेकंद लागले. ‘सावकाश’ हा शब्द आम्ही जिन्यापुरता आणि ओल्या फरशीपुरता राखून ठेवला आहे.