घोडीच्या पोटातले ऋतू

घोडीला मी गाय समजलो. पुढच्या सगळ्या चुका या एका समजुतीतून झाल्या, म्हणून तिथूनच सांगतो.

मणिबेली अक्कलकुवा तालुक्याच्या टोकाला, नर्मदेच्या काठावर आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं सर्वात आधी बुडालेलं गाव, अशी त्याची ओळख. उरलेली वस्ती डोंगरउतारावर पाड्यापाड्यांनी राहते. होडी काठाला लागली की पुढचा चढ पायांनीच चढायचा. धान्य आणि औषधांच्या पेट्या वर न्यायला मी सारंगखेड्याच्या बाजारातून लहान चणीची एक घोडी आणली. दत्तजयंतीला तापीकाठी हा बाजार भरतो, दूरदूरचे घोडेवाले तिथे उतरतात. मी दात पाहिले, खूर उचलून पाहिले, चाल पाहिली. ती काय खात आली आहे, हे मात्र विकणाऱ्याला विचारलं नाही.

हिवाळा-उन्हाळा कडबा आणि वाळल्या गवतावर निभावला. मृगाचा पाऊस पडला, आठवड्याभरात डोंगर हिरवा झाला आणि मी तिला दिवसभर मोकळी सोडली. एवढे महिने सुकं खाल्लं, आता पोटभर हिरवं खाऊ दे, असं मनापासून वाटलं. पाड्यावरचे एक वृद्ध बाबा म्हणाले, "दादा, पहिल्या पावसाचं गवत म्हणजे पाणीच. आधी सुकं घाल, मग थोडा वेळ सोड." मी हो म्हटलं आणि केलं नाही. मी पुस्तक वाचलं होतं ना! कोवळ्या गवतातल्या फ्रुक्टान नावाच्या साखरेनं घोडे आजारी पडतात, असं त्यात होतं. पण ती साठते थंड प्रदेशातल्या गवतांत. आपल्या पवन्या, मारवेल, कुसळीत साठा मुख्यतः पिष्टाचा असतो. तेव्हा आपल्याकडे धोका नाही, असा निष्कर्ष मी काढून टाकला. अर्ध्या वाचनावर मी बाबांचं आयुष्यभराचं पाहणं बाजूला सारलं.

घोड्याचं पोट कसं चालतं हे मला नंतर, फार उशिरा कळलं. गाय चारा आधी पोटाच्या पहिल्या कप्प्यात आंबवते आणि मग पचवते. घोड्याचं उलटं. त्याचं जठर लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. चारा तिथून लवकर पुढे सरकतो आणि आंबतो तो शेवटी, अंधनाल आणि मोठ्या आतड्यात. एकट्या अंधनालातच तीसेक लिटर मावतं. तिथले जीवाणू गवताचा तंतू फोडतात, त्यातून आम्लं तयार होतात, आणि चरणाऱ्या घोड्याची निम्म्याहून अधिक ताकद या आम्लांतून येते. हे जीवाणू वर्षभर सारखे नसतात. इंग्लंडमधल्या संशोधकांनी कुरणात चरणाऱ्या घोड्यांची लीद वर्षभर नियमित तपासली आणि 2018 साली निष्कर्ष मांडले: ऋतू, हवामान आणि वरून दिलेला चारा यांच्याबरोबर तिथली वस्ती बदलत राहते. पण या बदलाला वेळ लागतो. सुक्या कडब्यावर पोसलेल्या जीवाणूंवर मी एका आठवड्यात हिरवा डोंगर लोटला होता.

लीद पातळ झाली. मला वाटलं, जंत. जंताचं औषध दिलं. फरक पडेना म्हणून बकऱ्यांसाठी आणलेलं, उरलेलं प्रतिजैविक दिलं. घोड्याला चुकीचं प्रतिजैविक दिलं तर आतड्याला जीवघेणी सूज येऊ शकते; मला ते माहीत नव्हतं, आणि विचारायचंही सुचलं नाही. घोडी खंगली तेव्हा ताकद यावी म्हणून तोबऱ्यात ज्वारी आणि मका भरभरून घातला. ही सर्वात मोठी चूक. लहान आतड्यात न पचलेलं पिष्ट मागे गेलं की त्यावर लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू भराभर वाढतात, आम्लता चढते, तंतू फोडणारे मरतात, आणि आतड्यातलं विष रक्तात उतरतं. त्याचा घाव खुरांवर बसतो. एका सकाळी ती पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती. खूर हाताला गरम लागत होते.

फोनला रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन मी पशुवैद्यकांना सगळं सांगितलं, दिलेल्या औषधांसकट. ते रागावले नाहीत. "दाणा बंद. औषध मी सांगेन तेच. सुकं गवत, पाणी, खुरांवर गार पाणी. मऊ मातीत उभी ठेवा, चालवू नका," एवढंच म्हणाले. बाबांच्या घरून वाळलेलं गवत आलं. मी मागितलं नव्हतं.

घोडी वाचली. तरी पुढच्या ऋतूला मी पुन्हा चुकलो. सगळी काळजी पावसाळ्याची घेतली, आणि दिवाळीनंतर डोंगर पिवळा पडला तेव्हा बेसावध राहिलो. हिरव्यावर बसलेली पोटातली वस्ती आता राठ, काड्या झालेल्या गवतावर आली. त्यात ओलावा नाही, आणि थंडीमुळे घोडी पाणी कमी पीत होती. लीद कोरडी, बारीक गोळ्यांची झाली, मग थांबली. ती वळून वळून कुशीकडे बघायची, पाय आपटायची. घोड्याला उलटी होत नाही. पोटात अडकलेलं पुढेच सरकावं लागतं. नशिबानं ते सरकलं. त्याच दिवसांत तिच्या हिरड्यांत रुतलेली कुसळंही मला दिसली. आधी कधी तोंड उघडून बघितलंच नव्हतं.

आता पाऊस लागला की आधी सुकं गवत, मग थोडा वेळ चरणं, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढ. दिवाळीला हेच उलट्या क्रमानं. त्यासाठी उन्हाळ्यात गवताच्या पेंढ्या माळ्यावर राखून ठेवतो. लीद रोज बघतो.

पण तिच्या पुढच्या खुरांवर वळ्या राहिल्या आहेत आणि चढावर ती अडखळते. औषधाची हलकी पेटी तेवढी तिच्यावर ठेवतो. धान्याच्या गोण्या पुन्हा माणसांच्या डोक्यावर आल्या, आणि त्या वाहणाऱ्यांत बाबांच्या सुनाही आहेत.